भागीदार म्हणून सही

१

बुधवारी सकाळी नऊला लिफ्टदुरुस्तीच्या ऑफिसात फाईलबाईंनी हिरवं लोखंडी कपाट उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. सोळा नंबरच्या फाईलनंतर एकदम अठरा नंबरची. मधे दोन बोटं जातील एवढी फट.

"सतरा कुठाय?" धाकटीने विचारलं.

"काल संध्याकाळी होती. कुलूप मी माझ्या हातांनी लावलं. आत्ता माझ्याच हातांनी काढलं."

एरवी धाकटी हसून म्हणाली असती, बघा नीट, काखेत कळसा असेल. पण सतरा नंबरची फाईल ज्या इमारतीची होती, तिथली लिफ्ट आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला दोर तुटून तिसऱ्या मजल्यावरून थेट तळाच्या खड्ड्यात आदळली होती. आत एकच बाई होत्या. भूगोल शिकवायच्या, त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायच्या. दोन्ही पाय मोडले होते आणि आज सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. त्या लिफ्टची देखभाल या ऑफिसकडे होती. दोर शेवटचा कुणी तपासला, कधी तपासला, तपासून काय लिहिलं, ते सगळं त्या फाईलमध्ये होतं.

दादा आतल्या खोलीतून आला. धाकटीचा थोरला भाऊ, कामाचा वाघ, आवाज चढवल्याशिवाय बोलणं ठाऊक नाही असा. कपाटातली फट बघून तो पांढरा पडला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"लिफ्ट निरीक्षकांचा फोन होता," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी दहाला येतायत. फाईल मागितलीय."

कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक फाईलबाईंकडे, दुसरी दादाच्या खिशात. कुलूप शाबूत होतं.

वडील गेल्यानंतर दादा, धाकटी आणि वडिलांच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्रीकाका अशा तिघांनी लिफ्टदुरुस्तीचा हा धंदा भागीदारीत वीस वर्षं चालवला. दहा महिन्यांपूर्वी दादाने भागीदारी मोडून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. दादा आणि धाकटी संचालक झाले, मिस्त्रीकाकांना शेअर मिळाले. सह्या करून घेताना दादा धाकटीला म्हणाला होता, "आता काही झालं तरी आपल्या घरांवर कुणी बोट ठेवू शकणार नाही." त्या रात्री धाकटीला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली होती. गेल्याच वर्षी तिने आणि नवऱ्याने दोन खोल्यांचं घर घेतलं होतं.

आज तिने मावशीला फोन लावला.

२

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नोंदणी कार्यालयात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. भागीदाऱ्या, कंपन्या, सहकारी संस्था, सगळ्यांची जन्मनोंद नि मृत्युनोंद तिच्या टेबलावरून गेलेली. खोट्या कागदाचा वास तिला लांबूनच येतो असं तिचे साहेब म्हणायचे. ती म्हणायची, वास कसला, लोक वाचत नाहीत, मी वाचते.

दुपारी ती आली. पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि कुणाशी न बोलता कपाटापाशी गेली. कुलूप तिने पाहिलंसुद्धा नाही. वाकून दाराच्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते पदराला पुसलं. जमिनीवर हिरव्या रंगाचे दोन-तीन पोपडे पडले होते.

"झाडू कधी मारला होता?"

"काल संध्याकाळी," फाईलबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "मावशी, किल्ली माझ्याकडे होती म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत. मी कशाला नेऊ?"

"मी तुझ्याकडे बघत नाहीये. मी कपाटाकडे बघतेय."

फाईल त्या दिवशी सापडली नाही. संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, बाई शुद्धीवर आल्या, पण डावा पाय पुन्हा उघडावा लागेल. धाकटी घरी गेली. मुलीचा अभ्यास घेताना तिचं लक्ष भिंतींकडे जात होतं. ही भिंत, हे दार, ही खिडकी. कुणीतरी येऊन यादी करतंय असं तिला वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी फाईलबाईंनी कपाट उघडलं आणि किंचाळल्याच.

सतरा नंबरची फाईल जागेवर होती.

३

दादाने ती हिसकूनच घेतली. पानं उलटली. तळाशी जुने दोन तपासणी-तक्ते होते, तीन आणि दोन वर्षांपूर्वीचे. सगळ्यात वर तिसरा. तो वाचताना दादाच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तो काल पडला होता त्याहून पांढरा पडला. फाईल त्याने टेबलावर ठेवली आणि तो आतल्या खोलीत जाऊन बसला.

धाकटीने तक्ता वाचला. जुना छापील कागद, वर भागीदारीचं जुनं नाव, खाली जुना शिक्का. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. "दोर तपासला. उत्तम आहे. दोन वर्षं चिंता नाही. माझी जबाबदारी." खाली मिस्त्रीकाकांची वळणदार सही, आणि सहीखाली शब्द: भागीदार.

"चौदा महिने," धाकटी पुटपुटली. "म्हणजे कंपनी व्हायच्या आधी."

"बस," मावशी म्हणाली.

धाकटी बसली.

"मावशी, हा कागद खरा असेल तर आमची चूक भागीदारीत असतानाची ठरेल ना? दोन वर्षांची हमी दिलीय."

"ठरेल. आणि भागीदारी म्हणजे लग्नासारखं असतं बघ. एकाला ठेच लागली की दुसऱ्याने लंगडायचं. एका भागीदाराने धंद्यात केलेली चूक सगळ्यांच्या गळ्यात. धंद्यात जे आहे ते तर जातंच, ते पुरलं नाही तर भागीदारांच्या घरादारापर्यंत हात पोचतो. नंतर कंपनी केली म्हणून आधीचं पुसलं जात नाही."

"आणि कंपनी झाल्यावरची चूक असती तर?"

"तर कंपनीने भरायचं. कंपनी कायद्याच्या लेखी वेगळा माणूस. तिचं नाव वेगळं, तिचं देणं वेगळं. तुम्ही तिच्यात जे घातलंय तेवढंच बुडतं. हां, पण जाणूनबुजून ज्याने हलगर्जी केली त्याची मान कंपनी वाचवत नाही. तो आपल्या पायाने चौकीत जातो."

धाकटीच्या डोळ्यांपुढे दोन खोल्यांचं घर आलं. "मिस्त्रीकाकांनी आम्हाला बुडवलं."

"मिस्त्रीने एक दिवस फाईल पळवून नेली आणि स्वतःलाच फासावर देणारा कागद घेऊन परत आणली? असं कोण करतं?"

"मग कुणी?"

"तेच विचारायचंय. एकेकाला बोलव. प्रश्न एकच विचारणार आहे."

४

पहिल्या फाईलबाई आल्या. मावशीने विचारलं, "भागीदारी आणि कंपनी यात फरक काय गं?"

त्या गोंधळल्या. मग कामाचं विचारलं म्हणून जरा सावरल्या. "फरक म्हणजे... भागीदारीत तिघांचा करारनामा होता, बस. कंपनी झाल्यापासून वर्षाला सभा, ठराव, सदस्यांची नोंदवही, किती फॉर्म! जुने शिक्के मी कात्रीने कापून टाकले, छापील कागद वर्कशॉपला दिले पाठकोरे म्हणून. आणि दादांनी बजावून सांगितलं होतं, जुन्या नावाने एक ओळसुद्धा लिहायची नाही, नाहीतर घरावर येईल."

"शिक्के किती होते?"

"तीन. दोनच सापडले. एक आधीच कुठेतरी हरवला होता."

"जा. डोळे पूस आणि चहा घे."

दुसरा दादा. तो दारातच थांबला. "मावशी, ही परीक्षा कशाला?"

"उत्तर दे."

"भागीदारीत आपण आणि धंदा एकच. कंपनीत आपण वेगळे, कंपनी वेगळी. मी मेलो तरी कंपनी जगते. कंपनी बुडाली तरी घरं वाचतात. म्हणून तर केली." त्याचा आवाज फाटला. "माझ्या पोरांसाठी केली. हिच्या घरासाठी केली."

"मग हा कागद निरीक्षकाला देणार?"

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. "फाईलमध्ये जे आहे ते द्यावंच लागेल."

"खोटं असलं तरी?"

"खोटं आहे असं कोण म्हणतं?" एवढं बोलून तो निघून गेला. धाकटीला वाटलं, हा माणूस ओरडला का नाही? याच्यावर घर जायची पाळी आलीय आणि हा ओरडत कसा नाही?

तिसरे मिस्त्रीकाका. साठी उलटलेली, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. खुर्चीवर बसले नाहीत, खुर्ची मळेल म्हणून. मावशीने तक्ता पुढे केला नाही, तो टेबलावर उलटा पडला होता.

"मिस्त्री, भागीदारी नि कंपनी यात फरक काय?"

"मला काय कळतंय त्यातलं, बाई? पाटी बदलली, हातातले पाने तेच." ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "एवढं कळतं की भागीदारीत ज्याचा त्याचा वाटा. ज्याने केलं त्याने भरायचं. कंपनी म्हणजे सगळे एका होडीत. एकाने भोक पाडलं की सगळे बुडाले."

धाकटी बोलायला गेली. मावशीने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? नावातच आहे. भागीदारी म्हणजे भाग, आपापला. कंपनी म्हणजे सगळी मंडळी." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तू घाबरू नकोस बाळ. तुझ्या घराला काही होत नाही. मी सांगतो ना."

ते गेल्यावर मावशीने चष्मा पुसला आणि तक्ता सुलटा करून पुन्हा वाचला.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. ती इमारत दाखव मला."

५

इमारत सहा मजली होती. खाली औषधांचं दुकान, एक शिंपी, बाजूला दरवाजा. लिफ्टला सील लागलं होतं आणि जाळीतून खाली पाहिलं की वाकडी झालेली चौकट दिसत होती. धाकटीने एकदाच पाहिलं. मग ती जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. एक आजोबा दोन पिशव्या घेऊन हळूहळू जिना चढत होते. त्यांनी थांबून या दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा चढू लागले. तिला त्यांची नजर पाठीवर जाणवत राहिली.

मावशी लिफ्टपाशी आलीच नाही. ती प्रवेशदारातल्या पितळी पाटीसमोर थांबली होती. "वाच."

पाटीवर रहिवाशांच्या सहकारी संस्थेचं नाव होतं, खाली नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख.

"वाचलं."

"आता हा तक्ता कुणाच्या नावे लिहिलाय ते वाच."

धाकटीने पिशवीतून फाईल काढली. "प्रति, सचिव, रहिवाशांची सहकारी संस्था."

"आणि जुने दोन?"

"प्रति, मालक."

"पाटीवरची तारीख?"

धाकटीने पाहिलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "नऊ महिने झाले."

"ही इमारत आधी एकट्याच्या मालकीची होती," मावशी म्हणाली. "एकट्याचा धंदा, एकट्याचा हुकूम. वाटलं तर तपासणीला बोलवायचा, नाहीतर नाही. मग रहिवासी एकत्र आले, त्यांनी संस्था नोंदवली. घर मोठं असो की छोटं, एका सभासदाला एक मत, त्यातून सचिव निवडला. आता मला सांग, चौदा महिन्यांपूर्वी ज्या संस्थेचा जन्मच झाला नव्हता, तिच्या सचिवाला पत्र कसं गेलं?"

"म्हणजे हा कागद आत्ता लिहिलाय."

"काल किंवा परवा. ज्याने लिहिला त्याला आताचं गिऱ्हाईक ठाऊक होतं, सवयीने तेच नाव हातातून उतरलं."

"म्हणजे खोटा! सुटलो आपण!" धाकटीला एकदम रडू आलं.

"खोटा आहे, म्हणजे खरा कुठेतरी आहे," मावशी म्हणाली. "आणि त्या खऱ्यावर काय लिहिलंय, ते ऐकायची तयारी ठेव."

६

वर्कशॉप त्यांच्या ऑफिसच्या मागेच होतं. ऊन कलत आलेलं. मिस्त्रीकाका लिफ्टच्या एका मोटरचं झाकण खोलून बसले होते. या दोघींना पाहून त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

मावशी एका उपड्या खोक्यावर बसली. "मिस्त्री, मी सांगते, चुकलं तर थांबवा. कपाटाचं कुलूप कुणी उघडलं नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार बाजूला झालं आणि पुन्हा लागलं. रंगाचे पोपडे खाली पडले. किल्लीवाल्याला एवढी खटपट कशाला? ज्याला किल्ली नाही पण हात आहे, त्याचं हे काम."

मिस्त्रीकाका फडक्याने हातांवरचं ग्रीस पुसू लागले.

"जुना छापील कागद तुमच्याकडे पाठकोरा म्हणून आला होता. हरवलेला तिसरा शिक्का इथल्याच कुठल्या डब्यात असेल. पण हे सगळं नसतं तरी मला कळलं असतं. हा कागद तारीख मागे नेऊन भागीदारीत टाकणारा माणूस कोण? दादा नाही. त्याला ठाऊक आहे की भागीदारी म्हणजे तिघांची घरं. तो हा कागद वाचून पांढराफटक पडला. फाईलबाई नाही, तिलाही ठाऊक आहे. धाकटी तर घराच्या काळजीने अर्धी झालीय. फरक माहीत असलेला एकही माणूस ही तारीख टाकणार नाही. ही तारीख तोच टाकेल, ज्याला वाटतं की भागीदारीत ज्याचं त्याने भरायचं. सकाळी तुम्ही मला तेच सांगितलंत."

मिस्त्रीकाकांनी धाकटीकडे पाहिलं. "म्हणजे तसं नसतं?"

"नसतं काका," धाकटी म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "उलटं असतं. या कागदाने माझं घर जातं. दादाचंही. तुमचं तर जातंच."

त्यांचा चेहरा पाहवेना. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं ते काहीसं पुटपुटले. मग दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसले.

"मला वाटलं मी एकटा जाईन," ते म्हणाले. "माझं असं आहे काय? बायको गेली. लेक आपल्या घरी सुखी आहे. जाऊ दे म्हटलं एक खोली."

"कुणासाठी, काका?"

ते उठले. भिंतीवरच्या लिफ्टच्या नकाशामागून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. "जाळणार होतो. यंत्राचा कागद जाळवत नाही मला. उद्या कुणीतरी तेच यंत्र खोलतं, त्याला कळायला नको?"

कागद अडीच महिन्यांपूर्वीचा. कंपनीचा नवा छापील तक्ता. मिस्त्रीकाकांचंच अक्षर: "दोराच्या बऱ्याच तारा तुटल्या आहेत. दोर तुटला तर डबा धरणारा खालचा पकड-ब्रेक अडकतो. दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी." आणि त्याखाली दुसरं अक्षर, घाईचं, धाकटीच्या लहानपणापासून ओळखीचं: "सध्या सगळी माणसं हॉटेलच्या आठ लिफ्टवर. संस्थेला आत्ता कळवू नये. पुढच्या महिन्यात बघू." सही. संचालक.

धाकटीने तो दोनदा वाचला. मग कडेला असलेल्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं. तरी भाजल्यासारखं वाटत होतं.

"मी त्याला बोट धरून शिकवलंय," मिस्त्रीकाका मागून म्हणाले. "तुझे वडील गेले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आणि मी तरी काय केलं? लिहून दिलं नि गप्प बसलो. मी त्या इमारतीत जाऊन लिफ्टची वीज तोडायला हवी होती. मंगळवारी बाईंना खड्ड्यातून काढलं ना, तेव्हा मी तिथे होतो."

धाकटी म्हणाली, "दादाला कळलं होतं. फाईल परत आली तेव्हाच. हा कागद तुम्ही केलाय हे त्याला एका नजरेत कळलं असणार."

"हो," मावशी म्हणाली. "आणि तो बसून राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय हे बघत."

७

दादाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. धाकटीने खरा तक्ता त्याच्यासमोर ठेवला. त्याने त्याला हात लावला नाही.

"बुधवारी सकाळी मी हाच काढून घ्यायला आलो होतो," तो म्हणाला. "माझ्याआधी कुणीतरी नेला म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. मग काकांचा कागद आला. सकाळपासून मी एकच गणित करतोय. खरा कागद दिला तर मी तुरुंगात. खोटा दिला तर तिघांची घरं."

"आणि उत्तर काय आलं?"

त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.

"दादा, माझ्या मुलीची खोली तू त्या गणितात कुठल्या बाजूला लिहिली होतीस?"

तेव्हा तो रडला. धाकटीने त्याला रडताना वडील गेल्यावरच पाहिलं होतं. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेववला नाही.

"उद्या तू दिला नाहीस तर मी देणार," ती म्हणाली. "पण तू द्यावास असं मला वाटतं."

शुक्रवारी दहाला पाच मिनिटं असताना निरीक्षक आले. बारीक, शांत माणूस. चहा नको म्हणाले. फाईल उघडली. त्यात जुने दोनच तक्ते होते.

"यानंतरचा?"

फाईलबाई कपाटापाशी, मिस्त्रीकाका दारात, मावशी कोपऱ्यात. दादाची नजर टेबलावर खिळलेली. निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. तिच्या पिशवीत तक्त्याची प्रत होती. तिचा हात पिशवीकडे गेला.

आणि दादाने खिसा चाचपला. घडी उलगडली. "हा," तो म्हणाला. "खालचं अक्षर माझं आहे. मिस्त्रींनी बंद ठेवा म्हणून लिहिलं होतं. मी ठेवली नाही."

निरीक्षकांनी कागद वाचला, मग दादाकडे पाहिलं. "तुम्हाला माझ्याबरोबर चौकीत यावं लागेल."

"हो," दादा म्हणाला. दारातून जाताना तो मिस्त्रीकाकांपाशी थांबला आणि खाली वाकला. काकांनी त्याला मधेच धरून उभं केलं.

८

खटला अजून चालू आहे. दादा जामिनावर आहे. संचालकपद त्याने त्याच आठवड्यात सोडलं. खोटा तक्ता मिस्त्रीकाकांनी स्वतः निरीक्षकांना नेऊन दिला आणि लेखी कबुली दिली. त्यांना समज देऊन सोडलं, पण पुढचं वर्षभर त्यांच्या सहीने कुठलाही तक्ता चालणार नाही. भरपाईसाठी कंपनीने वर्कशॉपची जागा विकायला काढली. घरं राहिली. मावशी म्हणते, कंपनी जगेल की नाही सांगता येत नाही, पण मेली तर निदान सरळ मरेल.

धाकटी दर आठवड्याला दवाखान्यात जायची. पहिल्या खेपेला भूगोलाच्या बाईंनी तिला परत पाठवलं. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "कंपनीचं पत्र आलंय मला. माफीचं. ते तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"मग पुन्हा कशाला येता?"

धाकटी पिशवी हातात धरून उभीच राहिली. बाईंनी थोड्या वेळाने डोळ्यांनी खुर्ची दाखवली.

दवाखान्यातून घरी जायच्या आठवड्यात बाई एकदम बोलल्या, "मी चौथ्या मजल्यावर राहते. जिना मला वर्षभर जमणार नाही. आणि त्या डब्यात मी पाऊल टाकणार नाही. आता सांगा."

"दोर नवा आहे," धाकटी म्हणाली. "ब्रेक नवा आहे. सरकारी तपासणी झाली, बाहेरच्या दोन माणसांनीही बघितलं."

"ते कागदावर झालं."

"हो. म्हणून मी तुमच्याबरोबर बसेन."

"एकदा?"

"तुम्ही नको म्हणेपर्यंत."

त्या दिवशी सकाळी अकराला चाकांची खुर्ची लिफ्टपाशी आली. वर यंत्राच्या खोलीत मिस्त्रीकाका उभे होते. सही चालत नसली तरी कान चालतात, म्हणाले. धाकटीने खुर्ची आत घेतली, तिच्या चाकांना अडकण लावली आणि बाईंच्या शेजारी उभी राहिली. दार सरकत बंद झालं.

लिफ्ट हलली तसा बाईंनी तिचा हात पकडला. नखं रुतली. पहिला मजला गेला. दुसरा. तिसऱ्याच्या जाळीवर प्रकाशाची पट्टी खाली सरकली आणि बाईंनी डोळे मिटले. धाकटीने मिटले नाहीत. तिला मिटायचे होते. वरून यंत्राचा सारखा, एका सुरातला आवाज येत होता. ती तो ऐकत राहिली.

दार उघडलं. समोर चौथा मजला, पायपुसणं, बंद घराचं निळं दार.

"पोचलो?" बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

"पोचलो," धाकटी म्हणाली.

बाईंनी हात लगेच सोडला नाही.